निळ्या पेटीची तक्रार

१

गच्चीच्या कोपऱ्यात चार विटा होत्या आणि विटांवर काहीच नव्हतं.

चष्मेवाली हातातला चहाचा कप तसाच धरून थबकली. काल संध्याकाळी ती दोरीवरचे कपडे काढायला आली होती तेव्हा पेटी जागच्या जागी होती. निळी, गुडघ्याएवढी उंच, खालच्या बाजूला बोटभर फट आणि त्या फटीतून मधमाश्यांची ये-जा. आता पेटी नाही, माशी नाही, रोजची ती घूंघूंसुद्धा नाही. एखादी चुकार माशी तरी भिरभिरत येईल म्हणून तिनं चहा थंड होईपर्यंत वाट पाहिली. एकही आली नाही. विटांजवळ माश्यांना पाणी ठेवायची बशी तेवढी होती, आणि नळाखाली फाडलेल्या सुती कापडाचा एक ओलसर तुकडा पडला होता. कुणाच्या तरी वाळवणातला असेल म्हणून तिनं तो उचलून कठड्यावर टाकला.

चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या हे तिचं काम, म्हणून इमारतीपासून बाजारापर्यंत सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. पेटी तिची नव्हती, आईची होती. आईनं तरुणपणी कुठूनसं एक पोळं आणून त्या पेटीत वसवलं होतं. पुढे पेटीच्या फळ्या बदलल्या, आतल्या राण्या बदलल्या, पण माश्यांचं घराणं तेच राहिलं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटच्या दुखण्यात तिनं दोन्ही मुलांना उपदेश वगैरे काही केला नाही. गच्चीवर ऊन फार झालंय का बघून या, एवढंच म्हणाली.

तेव्हापासून चष्मेवाली रोज सकाळी चहा घेऊन पेटीशेजारी बसायची. माश्यांशी गप्पा मारायची असं नाही, तिला अजून वेड लागलं नव्हतं. पण घरात दुसरं जिवंत असं काही उरलं नव्हतं आणि इथे हजारो जीव आईनं लावलेल्या शिस्तीत कामाला जात होते. ते पाहून तिला बरं वाटायचं. आज बरं वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

तिनं भावाला फोन लावला. तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, शाळेची बस चालवायचा आणि चाळिशी उलटली तरी घरात त्याला धाकटाच म्हणत.

"पेटी गेली," ती म्हणाली.

"कुठली पेटी?"

"आपल्याकडे अशा किती पेट्या आहेत रे? आईची पेटी! कुणीतरी उचलून नेली."

"जाऊ दे ना ताई. दुसरी घेऊ आपण."

"आणि आई पण दुसरी घेऊ का?"

"तसं नाही गं. पण आता काय करणार आहेस तू?"

"पोलिसात जाणार."

"अगं, माश्यांसाठी कुणी पोलिसात जातं का?" धाकट्याचा आवाज एकदम चढला. "हसतील तुला. उगाच खेटे घालत बसशील."

"घालीन," ती म्हणाली आणि फोन ठेवून चप्पल पायात सरकवली.

२

हसण्याबाबत धाकट्याचं चुकलं नव्हतं.

"काय गेलं?" ठाण्यातल्या टेबलामागच्या शिपायानं विचारलं.

"पेटी."

"पेटीत काय होतं?"

"माश्या."

शिपायानं पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग शेजारच्याकडे पाहिलं. शेजारचा खिडकीबाहेर बघायला लागला, पण त्याचे खांदे हलत होते.

"मधमाश्या हो," चष्मेवाली म्हणाली.

"मग उडून गेल्या असतील."

"माश्या उडतात. पेटी उडत नाही."

ते मात्र शिपायाला पटलं. त्यानं कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, 'एक लाकडी पेटी हरवली.' चष्मेवालीनं उलट्या बाजूनंही ते वाचलं.

"हरवली नाही. हरवली म्हणजे माझ्या हातून पडली. ही चोरीला गेली. चोरी लिहा."

"ताई, चोरी लिहिली की तपास करावा लागतो," शिपाई अगदी मनापासून म्हणाला.

खिडकीपाशी एक हवालदार कसलीशी फाईल वाचत बसला होता. निवृत्तीला टेकलेला, पोट सुटलेला, आणि चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. दर ओळीला तो चष्मा वर ढकलत होता. चष्मेवालीला अशा वेळी स्वतःला आवरता येत नाही. ती उठली, त्याच्यासमोर जाऊन तिनं हात पुढे केला, आणि का कोण जाणे, हवालदारानं मुकाट चष्मा काढून दिला. तिनं पर्समधला नखाएवढा पेचकस काढून काडीचा ढिला स्क्रू आवळला आणि चष्मा परत केला. तो नाकावर चिकटून बसला.

"बसा," हवालदार म्हणाला. "असं बोलून इथे काही होत नाही. घरी जा, डोकं शांत करा आणि सगळं क्रमानं लिहून आणा. पेटी शेवटची कधी पाहिली, कधी दिसेनाशी झाली, दिसायला कशी होती, आसपास काय पडलं होतं. जागेचे फोटो काढा. तिथली वस्तू टाकून देऊ नका. जे पाहिलं ते लिहा, जे वाटतंय ते लिहू नका. आणि रागाच्या भरात कुणाचं नाव तर मुळीच घालू नका. कागदावर आलेलं नाव पुसायला फार त्रास पडतो. मग इथे द्या, शिक्का मारलेली प्रत घ्या आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. क्रमांक नसेल तर उद्या तुम्हाला इथे कुणी ओळखणार नाही. मीसुद्धा."

चष्मेवाली घरी गेली. कठड्यावरचा कापडाचा तुकडा तिनं पिशवीत जपून ठेवला, विटांचे फोटो काढले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तक्रार लिहून परत आली. शिपायानं क्रमांक द्यायला कुरकुर केली, पण ती खुर्ची सोडेना तेव्हा दिला.

"संध्याकाळपर्यंत कुणीतरी येऊन जागा बघून जाईल," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत कुणीही आलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा साहेब बंदोबस्ताला गेले होते. त्याच्या पुढच्या दिवशी साहेब होते, पण कागद वर गेला होता. "वर म्हणजे कुठे?" तिनं विचारलं. शिपायानं छताकडे पाहिलं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती ठाण्याच्या बाकावर जाऊन बसायची आणि रोज कुणीतरी तिची गोड बोलून बोळवण करायचं. ओरडून कुणी घालवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

हवालदारानं तिला जाता जाता दुसरा धडा दिला. कुणाला भेटलात ते लक्षात ठेवा, तीच गोष्ट दहा जणांना सांगू नका, नुसता क्रमांक सांगा आणि तपास कुणाकडे आहे ते विचारा. कुणाकडेच नसेल तर मोठ्या साहेबांच्या नावानं अर्ज द्या. तिनं अर्ज दिला. त्याचीही शिक्क्याची प्रत घेतली. पर्समध्ये आता शिक्केच शिक्के झाले होते आणि गच्चीवर विटाच विटा.

शेवटी तिनं स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. पेटीवर डोळा असणारी माणसं दोनच होती. एकाला ती मेलेली हवी होती आणि दुसऱ्याला जिवंत.

पहिला इमारतीचा सेक्रेटरी. तळमजल्यावर राहायचा आणि पाण्याच्या टाकीपासून पायपुसण्यापर्यंत सगळ्याला आपली परवानगी लागते असं मानायचा. दोन महिन्यांपूर्वी एक माशी त्याच्या ओठाला चावली होती आणि तेव्हापासून पेटी हटवा म्हणून तो हात धुऊन मागे लागला होता.

"मी?" सेक्रेटरीनं छातीवर हात ठेवला. "मी त्या पेटीला हात लावीन? अहो, त्या कोपऱ्यात मी बनियनसुद्धा वाळत घालत नाही!"

"पण गेल्याचं वाईट वाटलेलं दिसत नाही."

"का वाटावं? मी तर औषध मारणाऱ्याला बोलावून ठेवलं होतं. या शनिवारी येणार होता तो. उघड उघड मारणार होतो, चोरून कशाला नेऊ?"

"मला न सांगता?"

"तुम्ही ऐकून घेता का? तुमच्या भावाला सांगितलं होतं मी. म्हटलं, तूच समजाव बाबा ताईला." सेक्रेटरीनं दाराला हात घातला. "आता पेटीच नाही म्हटल्यावर औषधवाल्याला नको म्हणून कळवलं. तेवढा त्रास वाचला."

तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की त्याच्या बोलण्यातलं 'औषध' सोडून बाकीचं काहीच तिच्या डोक्यात राहिलं नाही.

दुसरा होता मधवाला. बाजारात त्याचं मधाचं दुकान होतं, गावाबाहेरच्या बागांमध्ये त्याच्या पेट्या होत्या, आणि आईची पेटी विकत मागून मागून तो थकला होता. त्याच्या माश्या तापट, आईच्या गरीब, हे त्याचं कायमचं दुःख. चष्मेवाली गेली तेव्हा तो दुकानामागे बसून तारेच्या जाळीचे पट्टे कापत होता.

"मला चोर म्हणायला आलीस होय?" तो खाली बघतच म्हणाला.

"विचारायला आले."

"मग विचार ना."

"तुम्ही नेली का?"

"मी नेली असती ना, तर आज ती डोंगरापलीकडच्या बागेत असती आणि तुला जन्मात पत्ता लागला नसता." त्यानं जाळीचा पट्टा उचलून दाखवला. "संध्याकाळी हे दाराला ठोकायचं म्हणजे माशी आत राहते आणि वारा खेळतो. गाडीत घालायची आणि थेट लांब. पाच मिनिटांचं काम आहे. पण तुझी आई माझ्यावर ओरडायची ना, त्या आवाजाची भीती मला अजून वाटते बघ. नाही नेली मी."

तो खोटं बोलत असावा असं तिला फार फार वाटत होतं. त्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसेना.

हात टेकून ती घरी आली. दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात गेली नाही, चहासुद्धा केला नाही. दुपारी कपडे वाळत घालायचे म्हणून पाय ओढत गच्चीवर गेली आणि दारातच तिच्या हातातली बादली खाली पडली.

विटांवर माश्या होत्या.

४

मोजक्याच होत्या. ओंजळभर असतील. पेटी जिथे असायची त्या रिकाम्या हवेत दाराची फट शोधत घिरट्या घालत होत्या, विटांवर उतरत होत्या आणि पुन्हा उडत होत्या. काहींच्या पायांना पिवळे परागसुद्धा लागलेले होते. चष्मेवाली हसली, रडली आणि पायातल्या स्लिपरनिशीच ठाण्याकडे पळत सुटली.

"परत आल्या!" तिनं हवालदाराला सांगितलं. "पेटी जवळपासच आहे!"

आश्चर्य म्हणजे हवालदार टोपी घालूनच बसला होता. "मी तुमच्याकडेच निघालो होतो," तो म्हणाला. "तुमच्या अर्जावर मोठ्या साहेबांचा शेरा आला. सकाळीच चोरीचा गुन्हा नोंदला आणि तपास माझ्या गळ्यात पडला. चला."

गच्चीवर येऊन तो माश्यांपासून चांगला लांब उभा राहिला.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "तेव्हा शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगा. या परत आल्या म्हणजे पेटी जवळ आहे, ते कसं?"

"माशीला जागा पाठ असते, पेटी नाही." चष्मेवालीला किती दिवसांनी कुणीतरी काहीतरी विचारत होतं. ती भरभरून बोलायला लागली. "पेटी थोडीशीच लांब नेली तर बाहेर पडलेली माशी सवयीनं जुन्याच जागी येते. म्हणून एक तर पेटी रोज हातभर सरकवत न्यायची, नाहीतर एकदम तिच्या उडण्याच्या टापूबाहेर. मधली कुठलीही जागा चुकीची."

"मग पहिल्याच दिवशी का नाही आल्या?"

"दार बंद असणार. आता उघडलं असेल."

"आणि पेटी नेली कधी?"

"सूर्य मावळल्यावर. दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात. दिवसा कुणी नेली असती तर त्या इथेच राहिल्या असत्या. मी सकाळी पाहिलं तेव्हा एकसुद्धा नव्हती. म्हणजे सगळ्या घरी येईपर्यंत तो थांबला आणि मग दार बंद करून घेऊन गेला."

हवालदारानं मान डोलावली. "हे तुमच्या सेक्रेटरीला सुचलं असतं?"

"त्यांना माशीला पाय किती तेही ठाऊक नाही."

"आणि मधवाल्याला?"

"त्याला सगळं ठाऊक आहे. पण त्यानं नेली असती तर लांब नेली असती. या परत आल्याच नसत्या."

"बरोबर." हवालदारानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हणजे ज्याला काहीच येत नाही तो सुटला आणि ज्याला सगळं येतं तोही सुटला. आता अर्धं येणारा कोण, ते सांगा."

"अर्धं?"

"संध्याकाळी दार बंद करून पेटी उचलतात, एवढं ज्यानं पाहिलंय. पण लांब न्यायची असते हे ज्याच्या कानावर कधी पडलं नाही. असा." त्यानं खिशातून तिच्या तक्रारीची प्रत काढली. "तुम्ही इथे एक ओलं कापड लिहिलंय. त्याचं काय?"

तिनं पिशवीतून तो तुकडा काढला. आता वाळून कडक झाला होता. "दार बंद करायला," ती म्हणाली. "ओलं कापड पिळून फटीत कोंबायचं."

"मधवाला हेच करतो?"

"छे! तो जाळी लावतो. कापडानं वारा बंद होतो. पेटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवायची असेल तर घटकाभर चालतं. आम्ही घरात..."

तिनं तो तुकडा मुठीत दाबला.

आई उन्हाळ्यात संध्याकाळी पेटी हातभर सरकवायची. चष्मेवाली पेटीचं एक टोक धरायची. आणि आपल्या फाटक्या चड्डीचं टोक सावरत एक छोटा मुलगा नळाखाली कापड भिजवून आणायचा, फटीत कोंबायचा आणि कानांवर हात ठेवून जिन्याकडे धूम ठोकायचा. पुढचं काही बघायला तो कधी थांबला नाही. कापड कधी काढतात हेही त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"आम्ही म्हणजे कोण?" हवालदारानं विचारलं.

"आई."

"आई तर गेल्या. त्यांचं बघून कोण शिकलं?"

"मी."

"आणखी?"

इतके दिवस तिला हेच हवं होतं, कुणीतरी गच्चीवर येऊन असे प्रश्न विचारावेत. आता ते येत होते आणि तिला कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं.

"आणखी कुणी नाही," ती म्हणाली.

हवालदारानं कागदाची घडी घातली. "उद्या या," तो म्हणाला. "आज तुम्ही दमलात."

५

धाकट्याच्या खोलीमागे एक अरुंद पडवी होती. झाडू, बसचं जुनं टायर, रिकामे डबे आणि त्यांच्यामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली निळी पेटी. दारात ओल्या कापडाचा बोळा अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबत होता.

चष्मेवालीनं झाकण उचललं. आंबूस, गरम वाफ तोंडावर आली. आतली पोळी उष्णतेनं मऊ होऊन खाली बसली होती आणि तळाशी माश्यांचा ओला थर साचला होता. तिनं बोटानं तो थर जरा बाजूला केला. राणी इतरांपेक्षा लांब असते, लगेच ओळखू येते. ती खालीच होती.

"ताई," मागून धाकटा म्हणाला. शाळेची फेरी संपवून तो आला होता, बसच्या किल्ल्या हातातच होत्या.

"कापड कधी काढलंस?"

त्यानं किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"कधी काढलंस, धाकट्या?"

"काल. मला भीती वाटत होती गं. बाहेर आल्या असत्या तर शेजारी बोंबलले असते. मग आतला आवाज कमी झाला, म्हणून काढलं."

"आवाज कमी झाला म्हणून." ती तेवढंच परत म्हणाली.

"आई पण कापडच घालायची ना!"

"घटकाभर रे. घटकाभर घालायची."

धाकटा मटकन टायरवर बसला. "सेक्रेटरीनं मला सांगितलं, शनिवारी औषध मारणारा येणार. तुला सांगितलं असतं तर तू त्याच्या दारात जाऊन भांडली असतीस आणि त्यानं तो दुसऱ्याच दिवशी आणला असता. म्हटलं, चार दिवस इथे लपवू, मग तुला सांगू. तर तू सकाळी सकाळी फोन करून म्हणतेस, पोलिसात जाते. मग कुठल्या तोंडानं सांगणार?" त्यानं मान खाली घातली. "आणि मलाही हवी होती ती. तुझ्याकडे घर आहे, आईची खाट आहे, भांडी आहेत. मी पेटी मागितली तेव्हा तू हसलीस. तुला डब्याचं झाकण धड लावता येत नाही, म्हणालीस."

ती म्हणाली होती. आणि त्यात खोटं काही नव्हतं. धाकटा कुठलंही काम मनापासून सुरू करायचा आणि मध्येच सोडायचा. लहानपणापासून घरात त्यावरून त्याची थट्टा व्हायची आणि तोही हसायचा. आज दोघंही हसले नाहीत. तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं तिनं काहीच केलं नाही. ती रडत होती हे तिला धाकट्यानं रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.

"पोलीस काय म्हणाले?" त्यानं हळूच विचारलं.

"गुन्हा नोंदलाय."

धाकट्यानं हातातल्या बसच्या किल्ल्यांकडे पाहिलं. शाळेची बस चालवायची तर दरवर्षी पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला आणावा लागतो. अंगावर चोरीची नोंद असलेल्या माणसाच्या हाती कुणी पोरं देत नाही. त्याला बस चालवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. ते एक तेवढं त्याला पुरतं येत होतं.

"मी उद्या सकाळी जाते आणि तक्रार मागे घेते," ती म्हणाली. "सांगते, घरातच होती, सापडली. तू काही करू नकोस. ऐकतोयस ना? पेटीला हातसुद्धा लावू नकोस."

"नाही लावत."

६

सकाळी ती ठाण्यात शिरली तेव्हा पेटी हवालदाराच्या टेबलावर होती.

"पहाटे गस्तीवाल्यांना सापडली," हवालदार म्हणाला. "कचऱ्याच्या डब्यामागे." त्यानं गल्लीचं नाव सांगितलं. ती धाकट्याच्या घराच्या मागची गल्ली होती.

चष्मेवालीनं डोळे मिटले. त्यानं पेटी फोडली नव्हती, रंग खरवडला नव्हता, बसमध्ये घालून लांब कुठे नेलीही नव्हती. घाबरून उचलली होती आणि दोन कोपऱ्यांवर नेऊन टाकली होती.

"मला तक्रार मागे घ्यायची आहे," ती म्हणाली.

"आता ते तुमच्या हातात नाही."

"तक्रार माझीच आहे ना?"

"होती. गुन्हा नोंदला की तपास आमचा. तुम्ही मोठ्या साहेबांना अर्ज दिलात, त्यांचा शेरा पडला, आता मध्येच सोडून दिलं तर मला जाब द्यावा लागेल." तो चिडून बोलत नव्हता. उलट त्याला वाईट वाटत असावं, कारण तो टेबलावरच्या वस्तू उगाच इकडच्या तिकडे करत होता. "हरवल्याची नोंद केली असती तर गोष्ट वेगळी होती."

टेबलामागचा शिपाई लगेच म्हणाला, "मी तेच लिहिलं होतं."

बाहेर एक बाई कुणाला तरी मोठमोठ्यानं सांगत होती की तिचा नवरा दोन दिवस घरी आलेला नाही, आणि कुणीतरी तिला बसायला सांगत होतं.

"काल मी तुम्हाला घरच्यांची नावं विचारली नाहीत," हवालदार खालच्या आवाजात म्हणाला. "ही पेटी तुमची असेल तर आज विचारावी लागतील. त्या गल्लीत कोण राहतं ते मी शोधीन, आणि मला ते शोधायला फार वेळ लागणार नाही. पण आधी मालाची ओळख पटायला हवी. ती फक्त तुम्ही पटवू शकता." त्यानं पेटी तिच्याकडे सरकवली. "नीट बघा. घाई नाही."

तिनं बघितलं. कुणीतरी ती आडवी टाकली होती त्यामुळे आतलं सगळं सांडून गेलं होतं. एका कडेला आईनं ठोकलेला वाकडा खिळा होता. आतून मेणाचा वास येत होता, आईच्या पदराला यायचा तो. तिला पेटीवर डोकं टेकून तिथेच बसावंसं वाटलं. पेटी घरी न्यायची असेल तर एक शब्द पुरे होता.

"ही आमची नाही," ती म्हणाली.

"निळी आहे. तुम्ही निळीच लिहिली होती."

"आमच्या पेटीत माश्या होत्या."

शिपायाला हसू आलं. हवालदाराला आलं नाही. त्यानं पेन उचललं, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्यासमोर ठेवला. मालाची ओळख पटली नाही, असं त्यात होतं. तिनं सही केली. शिपायानं पेटीला एक चिठ्ठी बांधली आणि ती उचलून मागच्या खोलीत नेली. तिथे बेवारस सायकली, चपला, कुणाचीतरी पत्र्याची ट्रंक असं सगळं पडलेलं असतं. दार बंद झाल्याचा आवाज आला.

ती उठली.

"ताई, एक मिनिट," हवालदार म्हणाला. "म्हणजे तुमची पेटी अजून सापडलेली नाही. तपास चालू राहील. अधूनमधून येऊन विचारत जा."

"आता कशाला?"

"इतके दिवस रोज यायचात. एकदम यायचं थांबवलंत तर वर कुणाला तरी वाटेल की का बरं थांबल्या. मग कुणीतरी नवा माणूस ही फाईल उघडून पहिल्यापासून वाचायला घेईल." त्यानं चष्मा नाकावर नीट बसवला. "माझी निवृत्ती जवळ आली आहे."

"किती दिवस यायचं?"

"फाईल बंद होईपर्यंत."

"ती कधी बंद होते?"

"चोर सापडला की."

चष्मेवालीनं पर्स खांद्याला लावली. बाकावरची ती बाई सरकून तिला जायला वाट देत होती.

"मग सोमवारी येते," ती म्हणाली.